रीलमध्ये न दिसलेले गोंदण

जुलैचा शेवटचा रविवार, सकाळी आठची वेळ. रक्कम तीन हजार रुपये. हजर माणसे सहा: मी, माझी बायको, आमची मुलगी, धानाच्या रोवणीच्या टोळीची थोरली बाई आणि तिच्यामागे अंगणातच उभ्या राहिलेल्या टोळीतल्या दोघी. मागणी थोरलीची होती, पैसे मी द्यायचे होते आणि कारण मुलीच्या फोनमध्ये होते.

मी धान खरेदी केंद्रावर हिशेब लिहितो. कोणी मागणी घेऊन आला की ती कशाची, किती जणांची आणि कोणत्या दिवसाची, हे आधी विचारायची सवय आहे. थोरलीने सांगितले ते असे: शनिवारी तिच्या दहा बाया माझ्या बांधीवर, धानाच्या खाचरावर, रोवायला आल्या नाहीत. तीनशेप्रमाणे दहा जणींची एका दिवसाची मजुरी बुडाली. ती मी भरून द्यायची.

"तुमी आल्याच नाई, तं मजुरी कायची?" मी विचारले.

"आलो असतो ना भाऊ. तुमच्या पोरीनं येऊ देल्लं नाई."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. फोन हातात होता, पण त्या वेळी ती त्यात पाहत नव्हती.

तिच्याबद्दल थोडे सांगायला हवे. वय वीस. तिरोड्यापर्यंत बसने आणि पुढे रेल्वेने ती गोंदियाच्या कॉलेजात जाते. रंगाने माझ्यावर गेली आहे, म्हणजे काळी. डाव्या गालावर लहानपणी चुलीपाशी पडल्याचा भाजलेला डाग आहे. शाळेत असताना तो डाग आहे हे ना तिच्या लक्षात असायचे, ना आमच्या. पंधरा ऑगस्टला भाषण करायला ती सगळ्यांत आधी हात वर करायची. अकरावीला अभ्यासासाठी म्हणून फोन मीच घेऊन दिला. अभ्यास झाला, नाही असे नाही. पण त्या फोनमध्ये एक सोय असते. तो तोंडासमोर धरला की आपोआप रंग उजळतो, डाग जातो, नाकही थोडे सरळ होते. पोरे त्याला फिल्टर म्हणतात. एकदा माझ्या मेहुण्याच्या फोनवर एका मुलीचा फोटो दिसला आणि मी सहज विचारले, ही कोणाकडची? मेहुणा पोट धरून हसला. ती माझीच मुलगी होती. मला वाटले, हे तिच्या कानावर गेले तर तिला वाईट वाटेल. ती आतल्या खोलीत होती, तिने ऐकले होते, आणि मैत्रिणीला फोनवर आनंदाने सांगत होती, "अगं, बाबांनीसुद्धा ओळखलं नाही!"

त्यानंतर दोन वर्षे तिने फिल्टरशिवायचा एक फोटो कोणाला पाठवला नाही. चुलतभावाच्या लग्नात सगळ्या घरादाराचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा ती पंगतीत वाढायला निघून गेली. एरवी तिला वाढायला सांगावे तर तीन हाका माराव्या लागतात.

हाकांचेही तसेच. घरात माणसे तीन आणि त्या तिघांचा फोनवर एक ग्रुप. आई स्वयंपाकघरातून ओरडते, चहा झाला. उत्तर ग्रुपवर अंगठ्याने येते. लिहायला बसली की ती लांबलचक लिहिते, मुद्देसूद भांडते. समोर बसवून विचारले तर "हो", "नाही" आणि "काही नाही", एवढेच. बायको म्हणते, "हिले जेवायले बोलवाचं तं आधी रिचार्ज मारा लागते."

तर गुरुवारी आमची रोवणी सुरू झाली. चोरखमाऱ्याच्या तलावाचे पाणी आमच्या बांध्यांना मिळते. तीन एकर धान, एकरी चार हजारांचा ठेका. मुलीला कॉलेजला सुट्टी होती, म्हणून ती चहाची किटली घेऊन बांधीवर आली. बायांनी तिला पाहताच आवाज दिला.

"ये वो कॉलेजवाली! चिखलात पाय घाल, नेलपालिश नाई जात!"

"साप असते का मावशी?"

"असते ना. पण थो शिकलेल्याईले नाई चावत."

ती हसली, सलवार वर खोचून चिखलात उतरली, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, एक पेंढी हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने फोन उंच धरला. मागे बाया वाकून रोवत होत्या. तिने हाक मारली तशा सगळ्या उभ्या राहिल्या आणि फोनकडे पाहून हसल्या. थोरली तिच्या अगदी शेजारी होती. फोटो निघतोय हे सगळ्यांना माहीत होते, कोणाची तक्रार नव्हती. त्या संध्याकाळी तिने ती रील टाकली.

शुक्रवारी रात्री जेवताना ती आपणहून बोलली. चाळीस हजार लोकांनी पाहिली, म्हणाली. आवाजात असा उत्साह मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. मी विचारले, "याचे पैसे भेटते का?" ती म्हणाली, "बाबा, प्रत्येक गोष्टीत पैसे नसतात." मग तिने आईला रील दाखवली. बायको म्हणाली, छान आहे. मी चष्मा लावला नव्हता, म्हणून लांबूनच मान हलवली.

शनिवारी सकाळी बांधीवर कोणी आले नाही. दोन एकर झाले होते, तिसऱ्यासाठी पऱ्हे उपटून, पेंढ्या बांधून पाण्यात ठेवलेले होते. मी दहापर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो. फोन केला तर थोरलीने उचलला नाही. रविवारी सकाळी ती स्वतः आली, ती अशी तीन हजार मागत.

"येऊ देल्लं नाई म्हणजे काय?" माझ्या बायकोने विचारले.

थोरली ओसरीच्या पायरीवर बसली. पदर मागे सारून तिने कपाळ पुढे केले. तिच्या दोन्ही भुवयांच्या मध्ये गोंदणाचे तीन ठिपके आणि त्यावर एक उभी रेघ आहे, हनुवटीवर एक ठिपका. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, कुंकू ती लावत नाही. कपाळावर आहे ते एवढेच.

"माहा पोरगा नागपूरले बिल्डिंगमधी वॉचमन आहे. त्याले कोनंतरी थे तुमच्या पोरीचं पाठवलं. त्याचा फोन आला, म्हणते, माय, हे तू आहेस का दुसरी कोन आहे? लुगडं तुहं, उभी राह्याची रीत तुही, अन् कपाळावर गोंदणच नाई. मले वाटलं पोरगा पिऊन बोलून राहिला. मंग बाजूच्या पोरीच्या फोनमधी म्या पाह्यलं. गोरी बाई! कपाळ कोरं! कुंकू गेलं थे देवानं नेलं. गोंदण कोनं नेलं?"

तेव्हा मी मुलीकडून फोन घेतला आणि चष्मा लावून पाहिले. खरेच होते. फिल्टर फक्त मुलीच्या तोंडावर बसला नव्हता. फोनमध्ये जेवढी तोंडे आली, तेवढ्यांवर तो फिरला होता. सगळ्या बाया उजळ, सगळ्यांचे गाल गुळगुळीत. मुलीच्या गालावरचा भाजलेला डाग त्याने काढला, तसाच थोरलीच्या कपाळावरचा डाग समजून गोंदणही काढून टाकले.

"हे तं मेल्यावरबी जात नाई," थोरली म्हणाली. "बाकी सगरं इथंच राह्यते. वर गेल्यावर माही माय मले याच्यानंच ओळखन. जितेपणीच पुसलं तं कसं होईन?"

मागच्या दोघींपैकी धाकटी हळूच म्हणाली, "मी तं बेस दिसून राहिली होती."

"तू चूप."

बाया घाबरल्या होत्या, हे मला आता समजले. त्या बांधीत उतरून काहीतरी वाईट झाले, आता ते सरळ केल्याशिवाय पुन्हा उतरायचे नाही, असे त्यांचे ठरले होते. म्हणून थोरलीची मागणी दुहेरी होती. एक, तीन हजार. दुसरी मुलीकडे होती.

"तेथीच उभी राह्य अन् पुन्हा काढ. आमी जशा आहो तशा दाखव. तू बी जशी आहेस तशी."

मुलगी पहिल्यांदा बोलली. "मावशी, मी ते डिलीट करते. आत्ता करते, तुमच्यासमोर."

"पुसून काय होते? ज्याईनं पाह्यलं त्याईनं पाह्यलं. आता खरं दाखव."

"तुमचं दाखवते. माझं नाही."

"काऊन? मधात तं तूच उभी होती."

मुलगी आत निघून गेली. थोड्या वेळाने माझा आणि बायकोचा फोन एकदमच वाजला. ग्रुपवर आले होते: मी माझा चेहरा टाकणार नाही. मला कोणीही समजावू नका.

"काय म्हणते?" थोरलीने विचारले.

"नाई म्हणते," मी सांगितले.

"घरातल्या घरात फोन?" तिने माझ्या बायकोकडे पाहिले.

"आमच्या घरी असंच आहे बाई," बायको म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

रविवार बाजाराचा, त्या दिवशी टोळी तशीही येत नाही. सोमवारी सकाळी बाया बांधीच्या धुऱ्यावर येऊन बसतील, पोरगी आली तर उतरतील, नाही तर मंगळवारपासून दुसऱ्या गावाला जातील, असे सांगून थोरली गेली. उपटलेले पऱ्हे तेवढे थांबणार नव्हते. दुसरी टोळी त्या आठवड्यात कुठून मिळायची?

मी मुलीच्या खोलीत गेलो. समजावायला नव्हे, विचारायला. तिने फोन माझ्यासमोर धरला. रीलखाली कौतुकाच्या ओळींमध्ये एक ओळ होती: बिना फिल्टर के आ जा, फिर देखते हैं कितने लाइक आते हैं. लिहिणारा तिच्याच वर्गातला. त्याखाली हसणारी तोंडे टाकणाऱ्यांत तिची एक मैत्रीणही होती.

"हे लोक मला रोज बघतात बाबा. मी कशी दिसते त्यांना माहीत आहे. बाहेरच्यांना माहीत नाही, एवढंच माझ्याकडे आहे."

मी म्हणालो, "एका एकराचा प्रश्न आहे."

"तुमचा एक एकर आहे. माझं तोंड आहे."

 मी बाहेर येऊन बसलो. घरात टीव्ही चालू होता, तो कोणी पाहत नव्हते. दुपारी तिने जुनी रील काढून टाकली. चाळीस हजार लोकांनी पाहिलेली एकच गोष्ट तिच्याकडे होती, ती गेली. संध्याकाळी ती आईजवळ भाजी निवडायला बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "मावशीच्या कपाळावरचं गोंदण मीच पुसलं ना. त्यांना विचारलं पण नव्हतं."  मला हे बायकोने नंतर सांगितले.

सोमवारी मी बांधीवर पोहोचलो तेव्हा बाया धुऱ्यावर बसल्या होत्या आणि मुलगी आधीच तिथे होती. डोळे सोडून सगळे तोंड स्कार्फने बांधलेले. आमच्याकडच्या पोरी उन्हासाठी बांधतात तसे. पण ऊन नव्हते. ती थोरलीला विचारत होती.

"दुखलं होतं का मावशी, गोंदताना?"

"मंग काय गुदगुल्या होते? मले नोकोच होतं. मंडईच्या जत्रेतून पळाली होती मी. मायनं धरून आनलं अन् माह्या मांडीवर बसली. मी गोंदणवालीले चावली."

"खरंच?"

"तिचा हात सुजला. मंग मायले म्हणे, आता दोन आने जास्त दे."

बाया हसल्या. मुलगीही हसली असावी, स्कार्फ हलला. थोरलीने हात लांबवून स्कार्फची मागची गाठ ओढली. "हे सोड पयले. चोर पकडून आनल्यावानी दिसून राहिली."

मुलीने स्कार्फ सोडला, घडी करून धुऱ्यावर ठेवला आणि बांधीत उतरली. मी दोन बांध्या पलीकडे पेंढ्या मोजत असल्याचे दाखवत होतो. पहिल्या वेळी तिचा हात हलला. थोरली ओरडली, "हालून काऊन राहिली? हिव भरला का?" दुसऱ्यांदा नीट झाले. मग धुऱ्यावर बसून तिने ते दोनदा पाहिले. नंतर तिने ते टाकले. थोरलीला दाखवले. थोरलीने फोन डोळ्यांजवळ नेऊन स्वतःचे कपाळ पाहिले, तीन ठिपके, रेघ, हनुवटी, आणि म्हणाली, "हं." बाया चिखलात उतरल्या.

दुपारच्या चहाला थोरलीने विचारले, "काय म्हणून राहिले लोक?"

मुलीने एकच वाचून दाखवले. कोणीतरी विचारले होते, ही कोण, आधीच्या रीलमधल्या मुलीची मोलकरीण का?

"त्याले लिही," थोरली म्हणाली, "ये एक दिवस रोवायले. तीनशे रोज देतो, चहा देतो, संध्याकाळी उभा होऊन दाखव म्हणा."

सगळ्या हसल्या. मुलगीही. मला वाटले, निभावले. संध्याकाळी एकर पुरा झाला, मी ठेक्याचे पैसे तिथेच दिले. मुलगी घरी येऊन झोपली, जेवली नाही. तिने वाचून दाखवले नव्हते ते मी बायकोच्या फोनवर पाहिले. वर्गातल्या त्या मुलाने तिचे दोन्ही चेहरे, फिल्टरचा आणि खरा, शेजारी शेजारी लावले होते. बुधवारी सकाळी मी पुन्हा पाहायला गेलो तर रील नव्हती. तिनेच काढली होती. 

शुक्रवारी थोरली परत आली, मागे ती धाकटी. नागपूरच्या पोराला गुरुवारी सुट्टी होती, त्याने शोधले, त्याला काही सापडले नाही.

"आता तं मी पुरीच गेली," ती म्हणाली. "गोंदणबी नाई अन् कपाळबी नाई."

मुलगी ग्रुपवर लिहील म्हणून मी फोनकडे पाहिले. पण ती बाहेर आली, थोरलीसमोर उभी राहिली. "मावशी, मी काढलं ते. लोक खूप वाईट बोलत होते. मला नाही सहन झालं."

थोरलीने तिच्याकडे पाहिले. रागावेल असे वाटले होते, पण ती कंटाळल्यासारखी दिसली. "मंग कागदावर काढून दे. फोनमधलं कोनीबी पुसते. अन् भाऊ, माहे तीन हजार?"

मी तोपर्यंत चौकशी केली होती. "शनिवारी दुपारून तुमी पलीकडच्या बांधीत रोवून राहिल्या होत्या. अर्ध्या दिवसाची मजुरी तुमाले भेटली."

"कोनं सांगतलं?"

"ज्यानं देल्ली त्यानंच."

तिने मागे वळून धाकटीकडे पाहिले, जणू तिनेच फोडले. "बरं बाप्पा, अर्धे द्या. हिशेबवाला मानूस भेटला नशिबात."

पंधराशे मी तिच्या हातावर ठेवले. मुलीने 'मी देते' असे म्हटले नाही. तिच्याकडे असतात ते पैसे माझेच असतात.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी आणि मुलगी तिरोड्याला फोटो स्टुडिओत गेलो. सोमवारच्या त्या चित्रीकरणातला एक क्षण तिने निवडला होता. थोरली आणि ती, दोघी चिखलात, दोघी सरळ समोर पाहणाऱ्या. स्टुडिओवाल्याने तो संगणकावर उघडला आणि हात सवयीने पुढे गेला.

"चेहरा साफ कर देता हूँ ना?"

"नाही! मावशींचं काहीच करू नका. एक ठिपकाही जाऊ देऊ नका."

"ठीक है. आणि तुमचा?"

पडद्यावर तिचा चेहरा हाताएवढा मोठा दिसत होता. गालावरचा डागही. मी बाहेर रस्त्याकडे पाहत राहिलो, कारण मी तिच्याकडे पाहिले असते तर तिने माझ्यासाठी उत्तर दिले असते. 

"डाग राहू द्या," ती म्हणाली. "रंग थोडा करा. थोडाच."

त्याने तेवढा केला. मोठ्या आकाराच्या दोन प्रती काढल्या, एक थोरलीसाठी, एक तिने स्वतःच्या पिशवीत ठेवली. थोरलीची प्रत परतताना आम्ही तिच्या घरी देऊन आलो.

हिशेब असा. ठेक्याचे बारा हजार, सोमवारी, थोरलीला. बुडालेल्या अर्ध्या दिवसाचे पंधराशे, शुक्रवारी, तिलाच. फोटोच्या दोन प्रती, साठप्रमाणे एकशेवीस. रंग उजळण्याचे स्टुडिओवाल्याने वीस वेगळे लावले. मी घासाघीस केली नाही. एकशे चाळीस त्याला दिले.